शर्विलचा ताजा दाखला

…नाही, तुम्हीच सांगा, जन्माचा दाखला शिळा होतो? भाकरी आहे ती? पण जेद्दाच्या फ्रेंच व्हिसाखिडकीवरचा बाबा आमच्या गुरुनाथला म्हणतो, "तीन महिन्यांच्या आतला पाहिजे, ताजा!" आणि गुरुनाथने तर नऊ वर्षांपूर्वीचा, कौतुकाने लॅमिनेट करून जपलेला! शी! किळस येते हो या कागदांची!

तुम्हाला सांगतो, सौदीत यान्बूच्या प्लांटमध्ये नऊ वर्षं घासली बिचाऱ्याने. मग आलं सौदीकरण, नोकऱ्या आधी सौदी पोरांना! ज्या फहादला हाताला धरून शिकवलं त्यालाच याची खुर्ची मिळाली. खलास! महिन्यात इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपणार. त्यातल्या त्यात नशीब, फ्रान्समधल्या जुन्या कंपनीने परत बोलावलं, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले, पण बायकोपोराला न्यायचं तर पोराचा दाखला हवा, ताजा! आणि शर्विल जन्मला कुठे? फ्रान्समधल्याच एका खेड्यात, गाडी दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही म्हणून! वस्ती दोनशे, तीही गायी धरून.

लावला फोन तिथल्या ग्रामपंचायतीला. तिथे बाई बसणार फक्त मंगळवारी, दोन तास! मंगळवारी लावला तर नाकातून म्हणते, "मस्यू, काल बंद, उद्या सुट्टी, मग आज मधेच कशाला? मी कुंड्यांना पाणी घालायला आलेय." पुढच्या मंगळवारी? "मस्यू, ऑगस्ट आहे!" अहो, ऑगस्ट आहे हे काय कारण झालं? तिसऱ्या मंगळवारी, "पत्राने मागा, आणि परतीचं पाकीट जोडा, आमचं फ्रेंच तिकीट लावून." यान्बूत फ्रेंच तिकीट! विभावरी, त्याची बायको, म्हणाली, "मीच जाऊन आणते, चालत!" शेवटी सौदीचीच तिकिटं चिकटवून पाठवलं.

इकामा संपला, मंडळी देवरुखला आली, दिवाळी झाली, कंपनीने जागा दुसऱ्याला दिली… आणि मग फहादचा फोन, "गुरुनाथ, तुझं पत्र आलंय!" भला पोरगा, पदरच्या खर्चाने कुरियर केलं. उघडून बघतो तर दाखला तीन महिने चार दिवसांचा! ताजा पाहिजे म्हणे, ताजा! थू!

वर त्या गावच्या मेयरचं पत्र. "प्रिय शर्विल, तीस वर्षांत आमच्या गावातच जन्मलेला तू एकटाच, बाकी सगळे शहरातल्या दवाखान्यात. एक मूल कमी पडतंय म्हणून आमची शाळा बंद होतेय. लवकर ये."

शर्विल विचारतो, "पप्पा, देन व्हाय आर वी नॉट गोइंग?" बाप म्हणाला, "बाळा, त्यांना तू हवा आहेस रे. पण तू जन्मलायस की नाही, ते अजून नक्की नाही."