पिंपातलं पाणी

मालक : आवाज खाली. वीज मीच तोडली, तोंडावर सांगतो. मीटर माझ्या नावावर, मीटरच्या खोलीचं कुलूप माझं. गाळा खाली कर, मग जिथे जाशील तिथे खुशाल दिवे लाव.

दुकानदार : करार अजून दोन वर्षांचा आहे, मालक. भाडं कधी थकवलंय?

मालक : भाड्याचं कोण बोलतंय? मोबाइलच्या शोरूमला दोन्ही गाळे लागतात. इतके दिवस गोडीगुलाबीने सांगितलं, तू ढिम्म हलला नाहीस. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, म्हणून दाबलं.

दुकानदार : माझं दाबायचं होतंत की. माशांचं कशाला? बघा जरा डोळे उघडून, खालच्या टाक्यांतले सगळे पोट वर करून तरंगतायत.

मालक : अंधार झाला म्हणून मासे मरतात होय? नदीत काय ट्यूबलाइट लावलेल्या असतात?

दुकानदार : थट्टा सुचतेय तुम्हाला. सकाळी वीज गेली तेव्हाच तुमचा डाव कळला होता. प्रत्येक टाकीला बॅटरीचा हवेचा पंप लावला आणि मगच तक्रार द्यायला गेलो. हवा कमी येते, पण संध्याकाळपर्यंत मासे तगतात. पंप आत्ताही चालूच आहेत, ऐका. वीज नव्हती म्हणून नाही मेले हे.

मालक : मग माझ्या नावाने का खडे फोडतोस?

दुकानदार : कारण टाक्यांत कुणीतरी नळाचं पाणी ओतलंय. वास घ्या. जंतू मारायचं औषध असतं त्यात.

मालक : तेच पाणी आम्ही पितो. आम्ही मेलो का?

दुकानदार : तुम्ही पिता. मासा त्यातच श्वास घेतो. म्हणून तर मी पाणी या पिंपात भरून दिवसभर उघडं ठेवतो. औषध उडून गेलं की मगच टाकीत घालतो. पिंप बघा, काठोकाठ आहे अजून. पुढचं कुलूप जागच्या जागी आहे. म्हणजे आलेला माणूस मागच्या दाराने आला. आणि त्या दाराची दुसरी चावी तुमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते.

मालक : हे बघ, मी तुला वाईट दिसत असेन. पण मी करतो ते दिवसाढवळ्या करतो. चोरून विष कालवणाऱ्यातला मी नाही.

दुकानदार : चोराच्या उलट्या बोंबा. पैदाशीच्या जोड्या होत्या त्या. त्यांच्या पिल्लांवर घर चालतं माझं. मोबाइलवाल्यांसाठी मला मुळापासून उपटलंत तुम्ही. आता तक्रारीत हेही घालतो.

मालक : घाल. ज्याने केलं त्याला शोध आणि त्याचंही नाव घाल.

वहिनी : अहो, जिन्यापर्यंत ऐकू येतंय तुमचं भांडण. भाऊजी, आलात तुम्ही? वाचले ना हो मासे?

दुकानदार : वहिनी, तुम्ही आत आला होतात?

वहिनी : मग काय करू? ह्यांनी वीज तोडल्याचं कळलं आणि माझा जीव खालीवर झाला. भांडण तुमचं, त्या मुक्या जीवांनी काय केलंय? तुम्ही गावाला जाता तेव्हा मीच खाणं घालते ना त्यांना. येऊन बघते तर बुडबुडे अगदी बारीक. म्हटलं, हवा नाही तर निदान पाणी तरी ताजं मिळू दे. त्या पिंपातलं शिळं मुद्दामच नाही घेतलं. घरच्या नळाचं आणून हाताला येईल त्या प्रत्येक टाकीत बादली बादली ओतलं. पाठ धरली माझी.

(दोघेही वळून वहिनींकडे बघतात. पंपांची बारीक घरघर.)

वहिनी : असे काय बघताय? अगंबाई, हे सगळे गेले? भाऊजी, माझं काही चुकलं का?

मालक : अगं, तू...

दुकानदार : थांबा, मालक. वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. वीज गेली, हवा अपुरी पडली, त्याने मेले. तुम्ही आलात तोवर उशीर झाला होता.

वहिनी : आणि वरच्या टाकीतले? ते फिरतायत की.

दुकानदार : ते जातीचेच चिवट.

वहिनी : तिथवर माझा हात पोचला नव्हता हो. थांबा, स्टूल घेते. त्यांना तरी एक बादली...

मालक : बादली इकडे दे.

वहिनी : सोडा. एवढ्या जिवांचा तळतळाट घेतलात, अजून समाधान झालं नाही?

मालक : घेतला. मीच घेतला. बादली दे आणि वर जा.

वहिनी : जाते. आज माझ्याशी एक शब्द बोलू नका.

दुकानदार : गेल्या वर. आता बोला काय बोलायचंय ते.

मालक : तिला खरं सांगितलं असतंस तर मी सुटलो असतो.

दुकानदार : तुमच्यासाठी नाही लपवलं. आणि तुम्हाला तोंड नव्हतं का?

मालक : वीज चालू करतो.

दुकानदार : करा. गाळा मी सोडत नाही. तक्रारही मागे घेणार नाही.

मालक : नको घेऊस. मागच्या दाराची चावी पाठवून देऊ का तुझी?

दुकानदार : नको. वहिनींच्या खिळ्यालाच राहू दे.