भल्लाजींचा जावई आणि माझा डिझेल फिल्टर

माझ्यासमोर ‘घरच्या घरी’ हा शब्द काढू नका. नोएडात सेक्टर नवे होते आणि लाइट पाहुण्यासारखी यायची, तेव्हाची गोष्ट. माझ्या पहिल्या डिझेल गाडीचा फिल्टर मी स्वतःच बदलायला बसलो. नवा फिल्टर आधी डिझेलने भरून घ्यावा लागतो. शेजारचे भल्लाजी म्हणाले, "अरे यार, हमारे जनरेटर से ले लो." टाकीत तळाशीच उरलं होतं, त्यातलं मी नळीने बाटलीभर काढलं, फिल्टर बसवला, गाडी सुरूही झाली.

आणि लाइट गेली. नेमकी त्याच दुपारी भल्लाजींच्या मुलीला बघायला गाझियाबादची मंडळी आलेली. जनरेटर जरा धडधडला आणि गप्प. टाकी कोरडी! मी धावत जाऊन डिझेल ओतलं, पण पाइपात हवा शिरलेली, तो काही केल्या चालू होईना. जूनचा उकाडा, मुलाचे वडील सफारी सूटमध्ये निथळतायत.

भल्लाजी डोळे वटारून म्हणाले, "अब अपनी गाड़ी का एसी चलाओ!"

मग काय, मुलगी बघण्याचा कार्यक्रम माझ्या गाडीत. पुढे मुलगा आणि त्याचे वडील, मागे मुलगी, तिची आई आणि समोशांची ताटली. आम्ही बाकीचे उन्हात उभे राहून काचेतून हसतोय.

थोड्या वेळाने काच खाली झाली. मुलाचे वडील डॅशबोर्डवर हात फिरवत म्हणाले, "रिश्ता पक्का समझिए. गाड़ी यही देंगे ना?"

माझी बायको पुढे झाली.

"ज़रूर ले जाइए, भाईसाहब. बस, फ़िल्टर इन्होंने खुद बदला है."

गाडीची चारही दारं एकदम उघडली. सगळ्यात आधी मुलगी बाहेर पडली.