डोहात काही नाही

(भंडारा. प्राणिशास्त्राचे रिटायर प्राध्यापक आनंदराव यांची ओसरी. समोर वैनगंगेवर मासे धरणारा भोजराज आणि त्याची मुलगी डिंपल. तिच्या हातात कारखान्याच्या पर्यावरण अहवालाच्या झेरॉक्सचा गठ्ठा.)

डिंपल : पुन्हा वाचते, सर. 'जलचर : परिणाम नगण्य. आधार : तज्ज्ञांचे मत.' खाली पाच सह्या. तिसरी तुमची.

आनंदराव : माझीच आहे. नाही कुठं म्हणतो मी.

भोजराज : पुढच्या महिन्यापासून कारखान्याचं खराब पानी आमच्या डोहात सोडनार हायेत जी. पाइप टाकून झाला. त्या डोहावर तीन घरं जगून राहिली आमची.

डिंपल : कशानं मोजलं तुम्ही? तेवढंच विचारायला आलो.

आनंदराव : मोजलं नाही, पोरी. एका हॉलमध्ये आम्ही पाच जण बसलो. एक मातीवाला, एक झाडंवाला, एक हवेवाला, एक इंजिनियर आणि मासेवाला मी. भिंतीवर मोठा तक्ता. एकेक रकाना वाचायचे, ज्याचा विषय त्यानं बोलायचं. जास्त, मध्यम, नगण्य. बाकीचे मान हलवायचे. जेवणाच्या आत तक्ता भरला.

डिंपल : मोजमाप नाई, काई नाई. अन् कोणी काही विचारलं नाई?

आनंदराव : तीस वर्षं मासे शिकवले म्हणून मला बोलावलं होतं. माझा अनुभव हीच मोजपट्टी. मी तरी झाडंवाल्याला कुठं विचारलं?

भोजराज : सरांले असं बोलू नोको, डिंपल. माघात आपल्या घरी आले होते ते. तू तवा होस्टेलले होती. तुह्या मायनं जेवू घातलं.

डिंपल : म्हणूनच तं जास्त राग येऊन राहिला मले.

आनंदराव : दोन तास होतो गावात. भोजराजभाऊ काठावर जाळं वाळवत होते. मी विचारलं, डोहात मासा आहे का. त्यांचं उत्तर वहीत जशाच्या तसं आहे. वाचू?

भोजराज : नोका वाचू.

डिंपल : काय म्हनले होते, बाबा?

भोजराज : म्हनलं, काई नाई जी. नुसता डोह हाये. दोन झिंगे भेटले तं भेटले.

डिंपल : बाबा.

भोजराज : तं काय सांगू? माह्या बापानं सांगतलं होतं, आपली जागा परक्याले दाखवू नोको. एकाले सांगतली का दुसऱ्या दिवशी दहा जाळे पडते. जनम गेला माहा, सख्ख्या साळ्याले नाई सांगतलं. अन् हा पँटवाला मानूस, हातात वही. मले वाटलं, मासोळीच्या ठेकेदाराचा असन.

डिंपल : ते मासेच पाहाले आले होते. सांगतलं असतं तं डोह वाचला असता.

भोजराज : मी बी वाचवासाठीच लपवला ना, पोरी.

डिंपल : सर, एक सांगा. आईनं त्या दिवशी काय वाढलं तुम्हाला?

आनंदराव : भात. मरळचा रस्सा.

डिंपल : मरळ कुठली, विचारलं नाई?

आनंदराव : विचारलं. बाजारातली म्हणाले.

डिंपल : आमच्या गावचा बाजार शनिवारी असतो.

आनंदराव : आणि मी बुधवारी आलो होतो. येताना बाजाराचे रिकामे ओटे पाहिले होते मी. बाजारात पडून राहिलेली मरळ वेगळी लागते. पहिल्या घासालाच कळलं मला.

डिंपल : तरी नगण्य?

आनंदराव : तरी. हॉलमध्ये माझी पाळी आली तेव्हा चौघं घड्याळ बघत होते. वहीत मच्छीमाराचं उत्तर होतं, काही नाही. सोयीचं होतं. ते वाचलं आणि खाली बसलो. लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

डिंपल : मग आता लिहून द्या, चुकलं म्हणून.

आनंदराव : दोन पत्रं दिली. पहिल्याला उत्तर आलं, हरकतीची मुदत संपली. दुसरं द्यायला स्वतः ऑफिसात गेलो. साहेब म्हणाला, सर, तेव्हाही तुमचं मतच होतं, आताही मतच आहे. कोणतं धरू?

भोजराज : पाइपाचं तोंड बरोब्बर डोहातल्या खडकाजवळ काढलं त्यायनं. मरळ पिल्लं घेऊन तिथंच राहते. कोनाले माईत नवतं ना.

डिंपल : चला बाबा. एसटी जाईन.

भोजराज : थांब जरा. सर, ते वही हाये का तुमच्यापाशी?

आनंदराव : आहे. पण भाऊ, आता लिहून काही होणार नाही. खोटी आशा नाही दाखवत.

भोजराज : माईत हाये जी. तरी काढा. खडकाच्या खाली दोन पुरूस खोल पानी हाये, तिथं मरळ. बाजूच्या कपारीत शिंगूर. पलीकडं गाळात मांगूर. आषाढात बोटरी वरतं चढते, तवा तं हातानं धरा.

डिंपल : कायले सांगून राहिले आता?

भोजराज : आता कोनापासून लपवू, पोरी? लिवा सर. मरळ झाली. आता शिंगूर लिवा.