सगळ्यांत समजूतदार

सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये गटातल्यांनी एकमेकांना दिलेले गुण जाहीर झाले, आणि टीएच्या, म्हणजे सरांच्या असिस्टंटच्या, खोलीबाहेर तक्रारवाल्यांची रांग लागली. माझ्यापुढे एकाच गटातली दोघं.

"वेंडेल, ब्रेडननं अख्ख्या सेमिस्टरमध्ये कोडची एक ओळ लिहिली नाही. आणि तू त्याला पूर्ण गुण दिलेस?"

"रूममेट आहे गं माझा, मॅरिट. रोज तोंड बघायचंय त्याचं."

"आणि माझे कापलेस? तुम्हा सगळ्यांची घाण निस्तरली कुणी?"

"तूच! पण सगळ्यांना सारखे गुण दिले की सिस्टीम घेतच नाही. कुणाचे तरी कापावेच लागतात."

"म्हणून माझे?"

"म्हटलं, तू समजून घेशील."

"आणि बाकीच्या तिघांनीही माझेच का कापले?"

"त्यांनाही तसंच वाटलं. ब्रेडनलासुद्धा."