आधी कोण?

दवाखान्याच्या बाकावर शिंपीकाका टोकन मुठीत धरून बसले होते. शेजारी एक निवृत्त नर्स आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन या दवाखान्यासाठी प्रोग्राम लिहिणारी तिची लेक.

“आई, इथल्या पेशंटची यादी जावामध्ये क्रमाने लागतच नाहीये.”

“नुसते आकडे तर चुटकीसरशी लागतात म्हणालीस!”

“आकडे लागतात गं. पण ‘पेशंट’ हा मी बनवलेला प्रकार. दोघांत आधी कोण, ते मीच सांगायचं.”

“मग सांग की! धाप लागलेला आधी.”

“लिहिलं. दोघांनाही नसली तर?”

“वयाने मोठा तो.”

“वयही सारखं असलं तर?”

“जो गप्प बसलाय तो.”

“आता गप्प बसणं कुठल्या रकान्यात लिहू?”

“नसेल तर नवा कर. ओरडणाऱ्याच्या छातीत हवा तरी असते.”

“बरं बाई, करते. हे झाल्याशिवाय मी काही उठत नाही. पण तो रकाना भरणार कोण?”

“बघणारा भरेल. भाऊ, तुमचा नंबर कितवा?”

“एकोणचाळीस.”

“आणि डावा हात मघापासून का चोळताय?”

“काही नाही हो. शिवणकामाचा हात, येतो भरून.”

“पोरी, ऊठ. डॉक्टरांचं दार उघड. हे आधी.”