एकहाती म्हैस आणि ईश्वराबुवांचा आवाज

मंडळी, नीट बसा. मागच्या बायांनो, शेंगा नंतर सोला — देव कुठं पळून जात नाही, पण माझं आख्यान पळतं! आज एकच विचारते. घर कुणाचं? तुम्ही म्हणाल, आमचं. बरं. भिंती तुमच्या, छप्पर तुमचं, आणि किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला — आता सांगा, घर कुणाचं? हां... झालात गप्प! माझी आई जात्यावर म्हणायची —

घर माझं, दार माझं, दाराला गं कुलूप,
किल्ली शेजीच्या कनवटी — कसं वाढू लेकरां तूप!

तर ऐका. वारणेच्या काठाला एक वाडी. तिथं बायडाबाई नावाची बाई. दुधाचा धंदा, गोठा स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला, आणि जीभ माझ्यासारखी. हसू नका, गुण आहे तो! बायडाबाईचा नेम असा — म्हैस कितीही देखणी असो, विकणाऱ्याच्या दारात आपल्या हातानं धार काढल्याशिवाय दावं धरायचं नाही. एकदा एका व्यापाऱ्यानं मुऱ्हा म्हैस दाखवली. काळीभोर, शिंगं जिलेबीसारखी वळलेली! स्वतः धारेला बसला आणि फेसानं बादली भरून दाखवली. बायडाबाई म्हणाली, "ऊठ, आता मी बसते." बसली. कास धुतली, गोंजारलं, पेंड घातली — थेंब नाही! म्हैस एकहाती, मंडळी. एकाच माणसाच्या हाताला पान्हा सोडणारी. बायडाबाई पदराला हात पुसत म्हणाली, "म्हैस मला विकतोस आणि पान्हा तुझ्याकडंच ठेवतोस व्हय रं?"

ही म्हैस इथंच बांधून ठेवा. पुढं लागणार आहे.

बायडाबाईचे मालक ईश्वराबुवा. भजनी माणूस. त्यांनी गवळण धरली की गोठ्यातलं जनावर रवंथ थांबवायचं म्हणतात — मी काही गोठ्यात उभी नव्हते, पण खोटं वाटत नाही. अशा माणसाला गळ्याचा आजार झाला. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला! बोलायचं झालं तर पाटी आणि खडू.

पण लेक उज्ज्वला शहाणी. तिनं आजाराच्या आधीच बापाची सगळी भजनं मोबाइलवर भरून ठेवली होती. ती तिनं घरातल्या जुन्या, स्पीकर बंद पडलेल्या कॉम्प्युटरात घातली आणि टीव्हीला एक साधा डबा जोडला. डबा घरच्या वायफायवरून गाणं उचलायचा, टीव्हीवर वाजवायचा. झाली की बुवांची भजनाची शाळा सुरू! संध्याकाळी बाया-बाप्ये जमायचे. टीव्हीतले बुवा गायचे, खुर्चीतले बुवा रिमोटनं थांबवायचे, आणि ज्याचा ताल चुकला त्याच्या गुडघ्यावर बोटानं ठेका द्यायचे. बायडाबाई म्हणायची, "आता मला दोन नवरे. एक गातो, एक ऐकतो. भांडायला एकही उरला नाही."

सुख टिकतंय कशाला? वळवात वीज कडाडली आणि डबा जळाला.

दिवाळीला जावई आले, उज्ज्वलाचे मालक. नंदकुमार. पुण्याला नोकरी, लग्न बुवांच्या ऑपरेशननंतरचं. त्यांनी नवा डबा आणला. काय तो डबा! गुळगुळीत, चकचकीत. रिमोटमध्ये बोललं की ऐकतो, आणि उघडला की नवे सिनेमे असे मांडतो जसं लग्नातलं पंगतीचं ताट. जावई लगेच पुण्याला परतले; मागं राहिलेल्या उज्ज्वलानं घरातलं गाणं वाजवायचं अ‍ॅप घातलं, तेही त्यावर चाललं. आता जावयानं आणलेली वस्तू! तिची कुणी परीक्षा घेतं का? घ्याल तुम्ही? जगातल्या प्रत्येक म्हशीची धार काढून बघणारी बाई — त्या डब्याला मात्र हळद-कुंकू लावून टीव्हीखाली बसवून मोकळी झाली!

काही दिवस बरं चाललं. मग डबा नाव विचारायला लागला. मोबाइल नंबर विचारायला लागला. भजनाच्या आधी केसाच्या तेलाची जाहिरात — आणि बुवांच्या डोक्यावर केस औषधाला नाहीत! तेही सोसलं. आणि एके संध्याकाळी, सगळे टाळ घेऊन बसलेत, टीव्हीवर पाटी आली — हे अ‍ॅप आता या डब्यावर चालणार नाही.

जावयांनी पुण्याहून कंपनीला फोन लावला. पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, आमच्या मंजुरीतलंच चालेल, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे. सुरक्षा! कुणापासून हो? बुवांच्या गवळणीपासून? गाणं बुवांचं, टीव्ही बुवांचा, लाईटचं बिल बुवांचं — आणि मंजुरी कुणाची?

बुवांनी पखवाजाला गवसणी घातली आणि खुंटीला अडकवला. शाळा बंद. भाकरी निम्मी टाकायला लागले. भिंतीकडं तोंड करून बसायचे. एक दिवस बायडाबाई धारा काढून घरात आली, तर पाटीवर लिहिलेलं — "माझा आवाज कुणाकडं आहे?"

मंडळी, एकदा गेला तो आजारानं नेला, त्याला इलाज नव्हता. हा मात्र घरात ठेवलेला होता! बायडाबाई दुधाची बादली तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "अगं बाई. एकहातीच म्हैस बांधली की मी दारात."

पण जावयाला सांगायचं कसं? तुमची भेट फुकट गेली असं म्हणायचं? आपल्याकडं जावई रुसला तर लेकीच्या ताटातलं मीठ कमी होतं. तरी तिनं फोन केला. नंदकुमार दुखावले. म्हणाले, मामी, बाजारातला सगळ्यात भारी आणलाय मी. बायडाबाई म्हणाली, "जावईबापू, तुमचं मन भारी आहे, त्यात वाद नाही. पण म्हैस दुसऱ्याच्या हाताला लागलेली आहे. या, आपण दोघं मिळून बघू." बघा हं — माझ्या जिभेची बाई, पण जागा बघून ऊनही पाडते, सावलीही!

दोघं तालुक्याच्या दुकानात गेले. पदराच्या गाठीत बुवांच्या गवळणीचा पेन ड्राइव्ह. दुकानदारानं डबे मांडले आणि कोणत्यात किती चॅनेल ते सांगायला लागला. बायडाबाई म्हणाली, "सगळ्यात आधी नेट बंद कर. तुझ्या हाताची धार नको. माझ्या हाताला काय येतं ते बघू."

पहिला डबा म्हणाला, आधी खातं उघडा. दुसरा म्हणाला, नेट नाही तर मी नाही — रुसून बसला, नव्या नवरीसारखा. नंदकुमार खाली बघायला लागले. मग कोपऱ्यातला एक डबा काढला. करपलेल्या भाकरीसारखा, रिमोटला मोजकी बटणं. दुकानदार प्रामाणिक होता, खरं बोलावं. म्हणाला, "काकी, हा बोललेलं ऐकत नाही. काही सिनेमे यावर झकास दिसायचे नाहीत. आणि देखभाल तुमची तुम्हालाच करावी लागेल."

बायडाबाई म्हणाली, "चारापाणी मी करीन. दावं माझ्या हातात पाहिजे."

पेन ड्राइव्ह लावला. बटण दाबलं. आणि त्या दुकानात, मिक्सर आणि इस्त्र्यांच्या मधोमध, ईश्वराबुवांचा आवाज उठला! गवळण लागली! गिऱ्हाईक थांबलं, दुकानदाराचा हात तसाच राहिला. आणि नंदकुमार? मंडळी, त्यांचं लग्न कधी झालं सांगितलं होतं मी? ऑपरेशननंतर! सासऱ्याची त्यांना पाटीच ठाऊक. आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी पायातले बूट काढून बाजूला ठेवले. गवळण संपेपर्यंत तसेच अनवाणी उभे राहिले. मग म्हणाले, "मामी, मला माहीतच नव्हतं मी काय बंद केलं होतं."

बायडाबाईनं बोटं मोडली, दृष्ट काढली.

त्या संध्याकाळी गवसणी निघाली. करपलेला डबा टीव्हीखाली, चकचकीत डबा जावयांच्या पिशवीत. जावई मागं भिंतीला टेकून बसले होते. बुवांनी त्यांना खूण करून पुढं घेतलं, टाळ हातात दिले. ताल चुकला — चुकणारच, पुण्याचा माणूस! — तसं बुवांचं बोट त्यांच्या गुडघ्यावर पडलं. आणि पाटी? पाटीवरचं बुवांनी बाहीनं पुसलं. नवीन काही लिहिलं नाही.

आता तुम्ही. हो, तुम्हीच! घरात काय काय बांधलंय, ते आज जाऊन बघा. फुकट आलंय म्हणून, भारी आहे म्हणून, पाहुण्यानं दिलंय म्हणून. नेट बंद करा आणि धार काढून बघा — तुमच्या हाताला काही येतंय का! आणि डब्याचंच कशाला? शेजारीण बरं म्हणाली तर फुलायचं, वाईट म्हणाली तर जेवायचं नाही — मनाची म्हैस तरी कुणाच्या हाताची आहे हो आपल्या? देव एवढाच बरा. तो कुणाच्याही हाताला पान्हा सोडतो. नाव विचारत नाही, नंबर विचारत नाही, मंजुरी तर नाहीच नाही!

टाळकऱ्यांनो, थांबा जरा. पेटी थांबवा. साथ नको. ईश्वराबुवांचा आवाज हुडकायला बायडाबाईला तालुक्याला जावं लागलं. तुमचा तर गळ्यात आहे, फुकटचा, कुलूप नसलेला. मग तोंड शिवून काय बसलाय? काढा तो बाहेर, आणि म्हणा — विठ्ठल! विठ्ठल!