गॅलरीतलं जेवण

मी उरणची, कोळ्याची पोर. बापूस होडीवर, आय म्हावरं विकाला पनवेलच्या बाजारात, न मी शिकाला गेले जर्मनीत, हॅम्बुर्गला, बंदराचं काम शिकाला. आमच्यात कोणी गेलंच नव्हतं हो! निघताना मावशी बोल्ली, गोरी माणसं माणूसघाणी असतात गो, म्हावऱ्याचा वास आला तर घराबाहेर काढतील. तरी आयेनं पिशवीत सुके बोंबील कोंबलेच, ती ऐकते कोणाचं?

तिथं लेना नावाच्या जर्मन पोरीबरोबर राहाले. बोलाला गोड, पण जेवाची वेळ झाली का ताट उचलून गॅलरीत, दार लावून, एवढ्या थंडीत! मला कधी ये म्हणाली नाय. काय सांगू तुमाला, काळीज तुटायचं. माझ्याबरोबर जेवाची हिला शिसारी, मावशी बोल्ली तेच खरं, असंच डोक्यात. अभ्यास सुचेना, परीक्षा तोंडावर. शेवटी मी आयेला फोनवर बोल्ले, मी शिक्षण सोडून परत येते. आय बोल्ली, ये, पण आधी पोटभर जेव.

मंग लेना घरी नाय असं समजून मी इतके दिवस वासाच्या भीतीनं लपवलेले बोंबील भाजले, खिडक्या उघडल्या न ताट घेऊन गॅलरीत गेले. तर ही बया तिथंच! अंगावर गोधडी, हातात खाऱ्या माशाचा पाव. ती बोल्ली, तू मासे खातेस? मी बोल्ले, अगो, कोळीण हाय मी! तिनं कपाळालाच हात लावला. तिला वाटलेलं, भारतातली माणसं मासमच्छीला शिवत नाय, आपल्या ताटाचा हिला त्रास नको, म्हणून बिचारी इतके दिवस काकडत जेवायची. न मी तिला मनात काय काय बोलत होते! हसता हसता रडाला आलं मला. आत येऊन एका ताटात जेवलो. बोंबलाच्या तिखटानं तिच्या नाकाडोळ्यातनं पाणी, तरी दुसरा मागितला. तिचा खारा मासा मला नाय आवडला, तसं तोंडावर सांगितलं.

शिक्षण सोडलं नाय, पहिल्या वर्गात पास झाले! बापसानं अख्ख्या आळीला पेढे वाटले. आता परत येऊन उरणच्याच बंदरावर कामाला हाय, कुठलं जहाज कुठं लावायचं ते मी ठरवते, मी!

पनवेलला भाड्यानं राहाते, जोडीला मणिपूरची पोर आली हाय शिकाला. शेजारच्या काकी कानात बोल्ल्या, ही लोकं काय काय खातात, सांभाळून गो. मी त्यांच्यासमोरच तिला हाक मारली, अगो, जेवाला काय आवडतं तुला? ती बोल्ली, बटाट्याची भाजी. मी काकींना बोल्ले, या, तुमीपण बसा. बसल्या की! देव करो न लांब शिकाला गेलेल्या सगळ्या पोरींना असं कोणी पहिल्याच दिवशी विचारो.